शूलपाणीपासून तुंबाडपर्यंत

गेल्या श्रावणात एका रात्री पाममध्ये वीज गेली. पावसाळ्यात आमच्याकडे त्याचे नवल नाही. इन्व्हर्टरची बॅटरी उतरली की विजेरी शोधायची, एवढेच. परंतु बारा वर्षांचा धाकटा नातू आतल्या खोलीतून विजेरी आणायला काही केल्या तयार होईना. विचारपूस केल्यावर उलगडा झाला. मोठ्या भावाच्या मोबाइलवर, कानात इअरफोन घालून, पांघरुणाखाली त्याने ‘तुंबाड’ पाहिला होता. सूनबाईंचे म्हणणे पडले की चातुर्मासापुरते तरी घरातले ओटीटी बंद करावे. महाविद्यालयात जाणारा मोठा नातू म्हणाला, “दादा, तो भुताचा चित्रपट नाहीच. तुम्ही एकदा पाहा, मग काय ते ठरवा.” तंटा माझ्यापुढे आला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने कागद वाचल्याशिवाय सही करू नये, हा नियम मी इतरांना पुष्कळ शिकवला आहे. म्हणून आधी चित्रपट पाहिला, आणि एवढ्यावर न थांबता पुढचे दोन महिने या प्रकारातले जे जे नवे हाती लागले ते पाहत गेलो.

आमच्या पिढीला भयपट म्हणजे रामसे बंधू ठाऊक. ‘पुराना मंदिर’, ‘वीराना’ हे चित्रपट सभ्य घरांत चोरून पाहण्याचे. पुढे दूरचित्रवाणीवर ‘झी हॉरर शो’ आणि १९९५ पासून ‘आहट’ आले. आता चित्र पालटले आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आलेला ‘स्त्री २’ त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्या हिंदी चित्रपटांत गणला गेला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये आदित्य सरपोतदार या मराठी दिग्दर्शकाचा ‘मुंज्या’ आला आणि कोकणातल्या पिंपळावरचे भूत देशभर पोहोचले. ‘तुंबाड’ची कथा तर व्यापाऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो प्रथम प्रदर्शित झाला तेव्हा चित्रपटगृहे फारशी भरली नाहीत. सहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २०२४ रोजी, तोच माल पुन्हा बाजारात मांडला गेला आणि पहिल्या वेळेहून अधिक रक्कम गोळा झाली.

राही अनिल बर्वे हे त्याचे दिग्दर्शक. मूळ बीज नारायण धारपांच्या एका कथेतून आले आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून सुचले; म्हणजे मुळे अस्सल मराठी आहेत. कथा १९१८ मध्ये कोकणात सुरू होते. सुबत्तेच्या देवीचा पहिला पुत्र हस्तर. त्याने देवीचे सोने घेतले, परंतु धान्याकडे हात वळवताच इतर देवांनी त्याला रोखले. तेव्हापासून त्याच्यापाशी सोने अमाप आहे आणि पोटात अन्नाचा कण नाही. विनायक नावाचा तरुण जुन्या वाड्यातील विहिरीतून दोराने खाली उतरतो, भुकेल्या हस्तरापुढे पिठाची बाहुली टाकतो आणि तो ती खात असेपर्यंत त्याच्या लंगोटातून गळणारी सोन्याची नाणी वेचून वर येतो. पुण्यात ती विकतो. संपली की पुन्हा तुंबाड.

हे पाहताना मला भीती वाटली ती हस्तराची नव्हे. विनायक दर खेपेस मूठभर नाणीच आणतो. प्रथम वाटते, याने परिग्रहाचे परिमाण पाळले आहे. मग ध्यानात येते की त्याची मर्यादा व्रताने घातलेली नाही, भीतीने घातली आहे. अधिक वेळ थांबलो तर जिवावर बेतेल म्हणून तो थोडे घेतो. अशा मर्यादेचे काय होते ते चित्रपटाच्या उत्तरार्धात दिसते. तो आपल्या लहान मुलाला विहिरीत उतरण्याचे शिक्षण देऊ लागतो. पीठ कसे मळायचे, रिंगण कसे आखायचे, हात किती चपळ हवा. मुलगाही हुशार निघतो आणि बापाला न सुचलेली युक्ती सुचवतो. आपल्याकडे मुलाला प्रथम गादीवर बसवतात तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसतो, नेमका तोच विनायकाच्या चेहऱ्यावर आहे. शेवट येथे सांगत नाही. चार कषायांत लोभ सर्वांत चिवट; क्रोध, मान, माया गेल्यावरही दहाव्या गुणस्थानापर्यंत तो सूक्ष्म रूपाने टिकतो असे आपली शास्त्रे सांगतात. हे व्याख्यानात अनेकदा ऐकले होते. अंगावर काटा प्रथमच आला.

त्या रात्री मला पर्युषणात ऐकलेली शूलपाणीची कथा आठवली. भगवान महावीरांच्या पहिल्या चातुर्मासातील ती कथा श्वेतांबर परंपरेत दरवर्षी सांगितली जाते. दिगंबर परंपरेत तिच्या जागी उज्जयिनीच्या अतिमुक्तक स्मशानातील रुद्राचा उपसर्ग येतो. आपण शूलपाणीच्या कथेतील उपसर्ग तेवढे लक्षात ठेवतो. यक्षाने हत्तीचे, पिशाचाचे, सर्पाचे रूप घेतले, शरीरात असह्य वेदना उत्पन्न केल्या, आणि प्रभू अविचल राहिले. परंतु कथेचा पूर्वार्ध व्यापाऱ्याचा आहे, आणि तो आपण घाईने ओलांडतो.

धनदेव नावाचा व्यापारी पाचशे गाड्या घेऊन वर्धमान गावाजवळ नदी ओलांडत होता. गाड्या चिखलात रुतल्या. एका बलदंड बैलाने त्या एकामागून एक ओढून काढल्या आणि शेवटी तो कोसळला. धनदेवाने गावकऱ्यांना चाऱ्यापाण्यासाठी पैसे दिले, बैलाला सांभाळण्याचे वचन घेतले आणि तो पुढच्या बाजाराला निघून गेला. गावकऱ्यांनी पैसे आपसांत वाटून घेतले. बैल त्यांच्या डोळ्यांदेखत भुकेने आणि तहानेने मेला आणि व्यंतर योनीत शूलपाणी यक्ष झाला. मग गावात मरी पसरली. इतकी माणसे मेली की हाडांचे ढीग पडले आणि वर्धमान गावाचे नाव अस्थिकग्राम झाले. तो गावचा पुजारी प्रभूंना विनवतो, ‘रात्री येथे राहू नका,’ ते या कारणाने.

थोडक्यात, विश्वासाने ठेवलेल्या रकमेचा अपहार झाला आणि त्यातून भूत जन्माला आले. एवढी वर्षे ही कथा ऐकली, पण निवृत्त बँक अधिकाऱ्याच्या कानाला हे कधी खटकले नव्हते. आपल्या तत्त्वज्ञानात भूत, पिशाच, यक्ष, राक्षस हे व्यंतर देवांच्या आठ प्रकारांत मोडतात. त्यांनाही आयुष्याची मर्यादा आहे, तेही कर्माने बांधलेले आहेत. सात भयांच्या गणतीत भुतासाठी वेगळे खातेच नाही. ते परलोकभयात येते. धन हिरावले जाण्याच्या भीतीला मात्र आदानभय असे स्वतंत्र नाव दिलेले आहे. शास्त्रकारांना माणसाची पारख होती.

त्यानंतर प्रत्येक चित्रपट पाहताना मी एकच प्रश्न विचारू लागलो : या भुताचे कोणाकडे काय येणे आहे?

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ हा २०१७ चा मराठी चित्रपट या प्रश्नाचे उत्तर थेट देतो. उसाच्या फडात एकाकी घर, आश्रयाला आलेली गर्भवती, आणि फडातून हाका मारणारी मुले. देणे कोणाचे, तर जन्मू न दिलेल्या मुलींचे. पुढे त्याच दिग्दर्शकाने तो हिंदीत ‘छोरी’ नावाने केला. आपण मुंगीलाही वाचवणारे लोक. हा विषय आपला नव्हे असे वाटेल. २०११ च्या जनगणनेत देशातील जैन समाजात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८८९ मुली होत्या. राष्ट्रीय सरासरीहूनही तो आकडा कमी आहे. माझ्या मते ‘लपाछपी’ आपल्या महिला मंडळांनी एकत्र बसून पाहावा. थोडे धैर्य लागेल, पण पाहावा.

‘मुंज्या’ आणि ‘स्त्री’ हसवत घाबरवतात, ते चालायचेच. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका झी मराठीवर २०१६ मध्ये आली तेव्हा सिंधुदुर्गातील काहींनी आमच्या कोकणाची बदनामी होते म्हणून आक्षेप घेतला होता. दुसऱ्या भागातले अण्णा नाईक लोकांनी डोक्यावर घेतले. खलपुरुषावर एवढे प्रेम करावे का, हा वेगळा प्रश्न आहे. तथापि त्या घरातही भुतापेक्षा जमीनजुमला आणि वाटण्याच अधिक बोलतात, हे मान्य करावे लागेल.

‘वश’ मात्र मला पटला नाही. बोईसर-पालघरच्या गुजरातीभाषक घरांत तो चवीने पाहिला गेला. २०२३ चा हा गुजराती चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारालाही पात्र ठरला आणि त्यावरून हिंदीत ‘शैतान’ निघाला. एक अनोळखी मनुष्य सुखवस्तू कुटुंबातील मुलीला वश करतो आणि घर हतबल होते. कारागिरी उत्तम, त्या मुलीचे काम तर फारच. परंतु त्या कुटुंबाकडे कोणाचे काही येणे नव्हते. नावेच्या बाजूला नोंद नसताना वसुली लागावी, तसे हे भय आहे. असे पाहून मन घाबरते आणि घाबरलेले मन ताईत शोधते.

हे मी पाहिलेले आहे. नोकरीत असताना एका तालुक्याच्या शाखेत एक किराणा व्यापारी आपल्या तीन मुदत ठेवी मुदतीपूर्वी मोडायला आला. कारण विचारल्यावर ‘जागा घेतोय’ म्हणाला. पावत्यांच्या मागे सह्या तपासल्या, दंडव्याज वजा केले, रक्कम खात्यात जमा केली. कागद चोख होते. तो नजर वर करीत नव्हता, हे माझ्या लक्षात आले होते. पण रांग मोठी होती. सहा महिन्यांनी कळले की जुन्या दुकानाखाली गुप्तधन आहे आणि त्यावरचा पहारेकरी शांत केल्याशिवाय घरातले आजारपण जाणार नाही, असे सांगून एका मांत्रिकाने ते सारे नेले. त्याने मुलीच्या लग्नाची ठेवही त्यात घातली होती. ‘तुंबाड’मधली विहीर त्याच्या दुकानाच्या फरशीखाली होती, आणि दोर मी सोडला.

महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आज आहे. त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्येही येतात आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाल्यावर तो लागू झाला, ही आपल्या राज्याची लाज. आपल्या समाजात आजही लोक रात्री गाडी काढून कुठे कुठे जाऊन येतात आणि सकाळी पूजेला उभे राहतात, हे वाचकांना मी सांगायला नको. हृषीकेश गुप्ते यांचा ‘जारण’ २०२५ मध्ये आला. आपल्यावर करणी झाली आहे असे मानणारी स्त्री अमृता सुभाष यांनी त्यात उभी केली आहे. आजार की करणी, हा संशय चित्रपट शेवटपर्यंत खेळवतो. कथेत तो शोभतो. घरात आधी डॉक्टर.

भयकथा लिहिणाऱ्यांविषयी एक सांगण्याचा मोह आवरत नाही. मराठी गूढकथेचे अध्वर्यू रत्नाकर मतकरी यांनी जवळपास वीस वर्षे बँक ऑफ इंडियात नोकरी केली होती. दिवसभर परक्यांची खाती पाहणाऱ्याला माणसाच्या मनात काय काय दडलेले असते ते कळत असावे. मला मात्र एकही कथा सुचली नाही.

आता घरातल्या तंट्याविषयी. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर प्रत्येक कार्यक्रमाला वयोगटाची खूण असते. तेरा वर्षांवरील आणि त्यापुढच्या गटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ‘तुंबाड’ तर केवळ प्रौढांसाठी. ते कुलूप आमच्या घरात कोणी लावलेच नव्हते, कारण त्याचा सांकेतिक क्रमांक ठरवायला कोणाला सवड नव्हती. तिजोरीची किल्ली मात्र दोन ठिकाणी ठेवलेली असते. कुलूप आता लावले आहे. मोठ्या नातवाला बंदी नाही. पण जे पाहील ते दिवाणखान्यात, दिवा लावून. सूनबाई पूर्ण समाधानी नाहीत.

धाकट्याची भीती कुलपाने जाण्यासारखी नव्हती. वास्तविक आमच्या या पट्ट्यात घाबरायला भूत लागत नाही. रात्री मोठा आवाज झाला की तारापूरचा कोणता कारखाना, हे आधी मनात येते. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसू लागले तेव्हा लोक थंडीत घराबाहेर तंबूत झोपले होते. मुलाला हे सांगून काय होणार? म्हणून संवत्सरीच्या आदल्या रात्री त्याला शूलपाणीची कथा सांगितली, पूर्वार्धासकट. हत्ती आणि सर्प आले तेव्हा तो माझ्या जवळ सरकला, पण उठून गेला नाही. शेवटी सांगितले की गावकऱ्यांनी यक्षाची क्षमा मागितली, हाडांच्या ढिगावर त्याचे देऊळ बांधले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “दादा, देऊळ बांधलं ते ठीक. पण धनदेवाचे पैसे कोणी परत केले का?”

मी दुसऱ्या दिवशी उपाश्रयात महाराजसाहेबांना विचारतो, असे त्याला सांगितले. मग तो उठला आणि आतल्या खोलीत जाऊन माझी जपमाळ घेऊन आला.