स्टिरॉइडचे इंजेक्शन आणि मुलांची वाढ

ताप, खोकला, दमा किंवा अंगाची खाज यांवर स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की रुग्णास त्वरित आराम वाटतो. त्यामुळे ‘एका सुईत गुण’ अशी त्याची ख्याती होते आणि लहान मुलांनाही ते विनाकारण, वारंवार टोचले जाण्याचा धोका उद्भवतो.

संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिझोनचा प्रथम उपयोग १९४८ साली अमेरिकेत डॉ. फिलिप हेंच यांनी केला. १९५० साली त्यांना केंडल व राइकश्टाइन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तीव्र दमा, मूत्रपिंडाचे काही विकार यांत ही औषधे आजही जीवदान देतात. दोष औषधाचा नसून त्याच्या अविचारी वापराचा आहे.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. त्याचे प्रमाण मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या आदेशाने राखले जाते. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की हा आदेश थांबतो आणि अधिवृक्क ग्रंथी मंदावतात. काही इंजेक्शने सावकाश विरघळणारी असून त्यांचा प्रभाव अनेक आठवडे टिकतो. दीर्घकाळ वापर झाल्यास मुलाचा चेहरा गोल होतो, पोट सुटते, अंगावर लव वाढते, रक्तातील साखर वाढू शकते आणि उंची खुंटते. जंतुसंसर्गाची लक्षणेही झाकली जातात.

येथे अंगणवाडी सेविका व शिक्षकांनी सावध राहावयास हवे. केवळ वजनाची नोंद पाहिली, तर मूल बाळसे धरीत आहे असा समज होतो. वजन वाढते पण उंची वाढत नाही, असे आढळल्यास ते मूल डॉक्टरांस दाखवावे.

दुसरा धोका औषध एकाएकी बंद करण्याचा. मंदावलेल्या ग्रंथी लगेच काम करू लागत नाहीत. अशा वेळी ताप वा जुलाब झाल्यास उलट्या, ग्लानी येऊन मूल दगावूही शकते. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यातून अनेक कुटुंबे हंगामात ऊसतोडीसाठी बाहेर जातात. मुलाचा स्टिरॉइडचा उपचार चालू असेल, तर निघण्यापूर्वी पुरेसे औषध व डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्यावी. नव्या ठिकाणच्या डॉक्टरांस ती प्रथम दाखवावी. औषध कमी करणे वा थांबविणे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावे.

नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करणे हा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ अन्वये गुन्हा आहे. तोंडी घ्यावयाची वा इंजेक्शनाची स्टिरॉइडे चिठ्ठीविना विकण्यासही कायद्याने मनाई आहे. गावात असा प्रकार आढळल्यास पंचायत सदस्यांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांस कळवावे. ‘सुई कशाची दिली?’ हे विचारण्याचा आणि तिचे नाव लिहून घेण्याचा पालकांस हक्क आहे. ग्रामसभेत ही गोष्ट एकदा स्पष्टपणे सांगितली गेली, तरी अनेक मुलांची वाढ सुरक्षित राहील.