क्यूआर कोड आणि दस्तऐवजांची विश्वासार्हता

कार्यालयीन दस्तऐवजांवर दिसणारा काळा-पांढरा चौकोन म्हणजे क्यूआर कोड. १९९४ मध्ये जपानमधील डेन्सो उद्योगसमूहात वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो विकसित झाला. मात्र, केवळ कोड छापलेला आहे म्हणून दस्तऐवज अस्सल ठरत नाही. असा कोड कोणीही तयार करू शकतो. बनावट प्रमाणपत्रावरील कोड बनावट संकेतस्थळाकडेही नेऊ शकतो.

खरी हमी मिळते ती डिजिटल स्वाक्षरीमुळे. वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत १ ऑक्टोबर २०२० पासून, प्रारंभी ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांसाठी, ई-बीजक लागू झाले. त्यावरील स्वाक्षरीयुक्त कोडमध्ये विक्रेता व खरेदीदार यांचे नोंदणी क्रमांक, बीजकाचा क्रमांक, दिनांक आणि मूल्य अंतर्भूत असते. कोडमधील एखादा अंक जरी बदलला, तरी स्वाक्षरी जुळत नाही.

अस्सल कोड उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवणे मात्र शक्य असते. म्हणूनच पडताळणी अधिकृत अॅपद्वारेच करावी आणि कोडमधील तपशील छापील मजकुराशी ताडून पाहावा. देयक मंजूर करण्यापूर्वी घेतलेली ही अल्पशी दक्षता सार्वजनिक निधीचे रक्षण करते.