उंच वाटा, जुनी गाडी (भाग ५) : आधी थांबणारी गाडी शोधा

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचं गणितच बदललं. ३,९७८ मीटरवरचा रोहतांग हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फाखाली असायचा. आता ९.०२ किलोमीटरच्या बोगद्यातून ऐन जानेवारीतही, रस्ता उघडा असेल त्या दिवशी, मनालीहून सिस्सूला जाता येतं. त्यामुळे आपल्याकडेही पाच-सहा लाखांत बर्फात नेता येईल अशी जुनी गाडी शोधणारे खूप आहेत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : फोर बाय फोर आहे का?

मला वाटतं, हा प्रश्न दुसरा असावा. पहिला प्रश्न गाडी थांबेल का, हा. कोरड्या डांबरावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर साधारण ९-१० मीटरमध्ये थांबते. तीच गाडी निसरड्या गोठलेल्या रस्त्यावर ६० मीटरपुढे घसरत जाऊ शकते. इथे चारही चाकांना ताकद मिळते की दोनच चाकांना, याने काही फरक पडत नाही, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. फोर बाय फोर गाडीला चढावर ढकलते, उतारावर धरून ठेवत नाही. उतारावर खरा आधार असतो तो टायरचा, आणि असलाच तर लो रेंजमधल्या पहिल्या गिअरचा. त्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे खेचून धरतं आणि ब्रेकला पाय लावायची वेळ कमी येते.

या बजेटमध्ये तीन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. जिप्सी १९८५ सालापासूनची. जेमतेम एक टन वजन, मागेपुढे पाटे, लो रेंज आणि कुठल्याही गावच्या फिटरला उघडता येईल असं पेट्रोल इंजिन. कुंझुम खिंडीच्या उंचीवर, म्हणजे साडेचार हजार मीटरवर, हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास उरते आणि टर्बो नसलेलं इंजिन त्या प्रमाणात दमतं. तरीही जिप्सी चढते, कारण तिला ओढायचं ओझंच कमी असतं. २०१० साली आलेली सीआरडीई थार टर्बो डिझेल असल्याने उंचीवर तितकी दमत नाही. पण जिप्सीत एबीएस नाही, आणि जुन्या थारमध्येही शेवटचा काळ सोडला तर नाही. बर्फाच्या उतारावर मला ही उणीव फार मोठी वाटते.

तिसरी डस्टर एडब्ल्यूडी, २०१४ची. हिला लो रेंज नाही, पण सहा गिअरपैकी पहिला मुद्दाम खूप छोटा ठेवलेला आहे. लॉक मोड आहे, २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आहे आणि एबीएसही आहे. पुण्याहून मनाली सुमारे दोन हजार किलोमीटर. या प्रवासात बर्फाचा रस्ता थोडका आणि हायवे अफाट. कुटुंबाला घेऊन जिप्सीतून तेवढं अंतर कापलेला माणूस डोंगराच्या पायथ्याशीच थकलेला असतो, आणि थकलेल्या माणसाने निसरड्या रस्त्यावर गाडी चालवू नये. म्हणून वर्षातून एकदा हिमालय आणि एरवी सह्याद्री फिरणाऱ्या घरासाठी मी डस्टरच सांगेन. मात्र ‘डस्टर’ एवढंच ऐकून पैसे देऊ नका. बाजारातल्या बहुतेक डस्टर फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. गिअरजवळ टू डब्ल्यूडी, ऑटो, लॉक असं फिरवायचं बटण आहे का पाहा, आणि खाली वाकून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट डोळ्यांनी बघा.

वाकलाच आहात तर थोडा वेळ तिथेच राहा. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीची चॅसी पोकळ गंजलेली असू शकते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने जोडांवर ठोकत जा, बद्द आवाज आला तर गाडी सोडून द्या. ताजा काळा रंग फासलेला दिसला तर जास्तच ठोका. २०१९ला सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ला चिपळुणात पुराचं पाणी भरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन चकाचक करता येते, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ सापडते. मॅटखालची वायरिंगची सॉकेटं हिरवी पडलेली असतात. फोर बाय फोरच्या ट्रान्सफर केसचं तेल थेंबभर काढून बघा. ते ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि थंडीत ते आणखी कडक होतं. गाडीच्या किमतीतून चार नव्या टायरचे पैसे आधीच बाजूला काढा आणि मगच मालकाशी घासाघीस करा. शक्य असेल तर बाजूला डोंगर आणि हिमकणाची खूण असलेले टायर घ्या. चाकांच्या मापाची साखळीही इथूनच घेऊन जा आणि ती चढवायचा सराव घराच्या अंगणात करा. बोटं बधिर झाल्यावर सूचनांचा कागद वाचणं फार अवघड जातं.

रेडिएटरचं झाकण उघडून बघायला विसरू नका. आपल्याकडे जुन्या गाडीत साधं पाणी भरलेलं सर्रास सापडतं. ते गोठलं की फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक तडकतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५च्या आसपासपर्यंत भीती नाही. डिझेलचीही तीच गोष्ट. मैदानात भरलेल्या डिझेलमधलं मेण कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर तुंबतो. लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहतं राहणारं हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९च्या नोव्हेंबरात आणलं. वर मुक्काम करायचा असेल तर खालची टाकी संपवत जा आणि तिथल्याच पंपावर भरा. जिप्सीला पेट्रोलमुळे ही कटकट नाही.

आता दिल्लीच्या स्वस्त गाड्यांबद्दल. १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ साली हरित लवादाने बंदी घातल्यापासून तिथल्या जुन्या डिझेल गाड्या परराज्यांत विकल्या जातात. दिसायला उत्तम आणि किंमत पाडलेली. पण आरसीवर कर्जाचा बोजा उतरलाय का, एनओसी आपल्याच आरटीओच्या नावाची आहे का आणि महाराष्ट्रातला रोड टॅक्स किती पडेल, हे टोकन देण्याआधी विचारा. टॅक्स, टायर आणि क्लच धरून तीच गाडी कधीकधी पुण्यातल्या गाडीपेक्षा महाग पडते. ही सगळी कागदपत्रं कोणत्या क्रमाने करायची, ते पुढच्या आठवड्यात.