पतन आणि तारण

ख्रिस्ती मतातील पतन म्हणजे निव्वळ दुराचरण नव्हे. ईश्वराशी असलेले नाते तुटणे होय. ते एका आदामापुरते राहत नाही, साऱ्या मनुष्यजातीस लागते. ज्याचे कर्म त्याने भोगावे, असे मानणारा आपला वाचक येथेच अडखळतो. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात याची दुसरी बाजू मांडली आहे: एकाच्या अवज्ञेने पाप आले, तसे एकाच्याच आज्ञापालनाने नीतिमत्त्व लाभते. दोन्हीकडे स्वकर्माचा हिशेब नाही.

भाषांतराची खरी कसोटी लागते ती यामुळेच. फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलेल्या ओवीबद्ध 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटले. स्थळवाचक शब्द म्हणून ते खपून गेले. 'मोक्ष' तसा खपत नाही. मोक्ष जन्ममरणाच्या फेऱ्यातून सोडवितो. ख्रिस्ती श्रद्धा तर देहाच्याही पुनरुत्थानाची वाट पाहते. मराठी बायबलातील 'तारण' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो. बुडत्यास दुसऱ्याने तारावे, हा अर्थ त्यात आहेच. शिवाय सावकारी व्यवहारात तारण म्हणजे गहाण ठेवलेली वस्तू. लॅटिन 'रिडेम्प्तिओ'चा मूळ अर्थही मोल देऊन सोडवून आणणे हाच, आणि मार्काच्या शुभवर्तमानात ख्रिस्त आपला प्राण देतो तो खंडणी म्हणून.