हरणं येणाऱ्या वस्तीवर बाग कोणती लावावी?



विहिरीला पाणी लागले, शेतात पक्के घर झाले, की घरापुढे चार फुलझाडे असावीत असे कुणालाही वाटते. परंतु कर्जत, श्रीगोंदे, जामखेड, करमाळा या पट्ट्यात माळाला लागून ज्यांच्या वस्त्या आहेत त्यांची ही हौस हरणं पुरी होऊ देत नाहीत. "सांजच्याला जास्वंद होती, सकाळी नुसता दांडा राहिला," हे वाक्य आम्ही या भागात किती वस्त्यांवर ऐकले याची गणती नाही. लागणीच्या उसाचे कोंब आणि हरभऱ्याचे शेंडे हा मोठा प्रश्न आहेच, त्यावर पुष्कळ बोलले जाते. आज फक्त दारातल्या बागेपुरते पाहू.

आपण ज्याला हरीण म्हणतो ते आपल्याकडे बहुतेक वेळा काळवीट असते. याच काळविटासाठी कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे 1980 साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे 2.17 चौरस किलोमीटर, तेव्हा हरणं तेवढ्यात मावत नाहीत आणि शिवारात उतरतात यात नवल ते काय! शास्त्राप्रमाणे काळवीट हे खऱ्या हरणाच्या कुळातले नव्हेच, गाय-शेळीच्या कुळातले आहे. खऱ्या हरणाची शिंगे दरसाल गळतात, काळविटाची गळत नाहीत. ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की, रोपवाटिकेत विचारण्यापूर्वी आपल्या घरच्या शेळीला विचारावे. ज्या पाल्याला शेळी हुंगून मान फिरवते, त्याला काळवीटही सहसा तोंड लावत नाही. शेवगा, हादगा, सुबाभूळ शेळीला प्रिय, म्हणून लहान रोप असेपर्यंत ती बिनकुंपणाची लावूच नयेत. गुलाबाला काटे असले तरी त्याचा कोवळा धुमारा आणि कळी वाचत नाही.

"सहसा" हा शब्द मात्र ध्यानात ठेवावा. श्रावणात माळावर गवत असते तेव्हा हरीण दाराकडे फिरकत नाही. चैत्र-वैशाखात पारा 40 अंशांच्या वर जातो, माळ करपतो आणि ठिबकवर वाढलेली आपली बाग तेवढी हिरवी दिसते. अशा वेळी भुकेले जनावर एरवी टाळलेल्या झाडाचाही शेंडा खुडते. "हे झाड हरीण खातच नाही" असे छातीठोकपणे सांगून रोपे विकणाऱ्यावर विसंबू नये. शेंडा खुडला तरी पुन्हा फुटेल आणि उन्हाळ्यात थोड्या पाण्यावर तग धरेल, असे झाड ते आपले झाड.

आमच्या मते पहिला मान करवंदाचा. जोडकाटा, पांढरा चीक, बारमाही हिरवे, पाण्याची फारशी मागणी नाही आणि वर लोणच्याला फळ. घराच्या माळाकडच्या बाजूने तीन-तीन फुटांवर एक ओळ लावावी. दाट व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, तोवर धीर धरावा लागतो. शोभेसाठी बोगनवेल चालते. तिचे कोवळे फुटवे कधी खुडले जातात, पण जून झालेली काटेरी वेल उन्हाला आणि हरणाला दोघांना पुरून उरते. सागरगोट्याचे कुंपण तर इतके काटेरी की माणसाचाही सदरा सोडत नाही, तेव्हा ते बांधावर बरे, दारात नको. (मुलींना खेळायला सागरगोटे मिळतात हा वरचा नफा!)

करवंदाच्या आत उग्र वासाची झाडे घ्यावीत. अडुळसा आणि निर्गुडी ही दोन्ही आपल्या मातीतली, फांदीवरून लागणारी, आणि जनावर त्यांना सहसा तोंड लावत नाही. त्यांच्या जोडीला गवती चहा, तुळस, सब्जा. कोरफडीला तर पाणी जास्त झाले तरच धोका. मोगरा, जास्वंद, गुलाब यांची हौस असेल तर ती अगदी ओट्याशी, माणसांच्या वावरात असावी.

आता कण्हेर. उन्हाला ती दाद देत नाही, बारा महिने फुलते, देवाला फूल होते आणि हरीण तिला शिवत नाही. म्हणून सगळीकडे तिचीच शिफारस होते. पण हरीण जिला शिवत नाही ती विषारी आहे म्हणून शिवत नाही! तिचे पान, फूल, फांदी, सारेच हृदयावर परिणाम करणारे विष असून पाला वाळल्यावरही ते उतरत नाही. गळीत हंगामात वस्तीवर तोडणी टोळीची बैलं बांधलेली असतात, वाढ्यांच्या भाऱ्या पडलेल्या असतात. छाटलेली एक फांदी वाढ्यात गेली, तर बाहेरगावाहून आलेल्या गाडीवानाला ती ओळखू येईलच असे नाही, आणि बैल गेला तर त्याचा हंगामच गेला. पिवळ्या कण्हेरीच्या बियांचे आणि मोगली एरंडाच्या बियांचे भय लहान मुलांना. शेर आणि निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. म्हणून ज्या वस्तीवर गुरे किंवा लहान मुले आहेत तिथे काटा आणि वास यांवर भागवावे, विषाकडे जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. घाणेरीही लावू नये. ती गुरांना बाधते आणि पाखरांमार्फत सगळ्या चराईत पसरते.

कोणतेही रोप पहिले वर्षभर कोवळेच. त्याभोवती बोराटी रोवावी आणि आळ्यात उसाचे पाचट चार बोटे जाड अंथरावे. ओल टिकते, पाणी कमी लागते आणि पाचट जाळायचेही वाचते. माळालगत एकाच जागी रोज लेंड्यांचा ढीग पडत असेल तर ती एखाद्या नराची ठरलेली जागा समजावी आणि त्या बाजूला रोपे लावू नयेत.

तारेत वीज सोडण्याचा विचार मनात आणू नये. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि तारेला रात्री पाणी धरायला गेलेला घरचा माणूसही चिकटतो. पिकाचे नुकसान झाले तर वन विभागाकडे भरपाईची तरतूद आहे, त्यासाठी विलंब न लावता अर्ज द्यावा.

करवंद, अडुळसा, निर्गुडी यांची लागण मृगाचा पाऊस जमिनीत मुरल्यावर करावी. खड्डे उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावेत. ज्यांच्या दारात कण्हेर आधीच उभी आहे त्यांनी तिची छाटणी टोळ्या येण्यापूर्वी, दिवाळीच्या आत उरकावी आणि छाट उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात पुरावी.