उसाच्या फडातला शेजारी

दोस्तांनो, बिबट्या कुठे राहतो? परीक्षेत हा प्रश्न आला, तर तुम्ही झटकन लिहून मोकळे व्हाल, ‘जंगलात’. गुणही मिळतील. पण हाच प्रश्न जुन्नर, आंबेगाव, शिरूर नाहीतर अकोले तालुक्यातल्या मुलांना विचारून बघा. ती सांगतील, ‘आमच्या उसात!’ आणि त्यांचंही उत्तर बरोबर आहे, बरं का. मी याच भागात शाळेत शिकवते. आमच्याकडे पावसाळ्यानंतर हजेरी घेताना एखादा मुलगा दिसला नाही, की वर्गातून आवाज येतो, “बाई, त्यांच्या वस्तीवर वाघ आलाय.” इकडे बिबट्याला सगळे ‘वाघ’च म्हणतात.

आता हा उसात आला कसा? त्याची गोष्ट धरणांपासून सुरू होते. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही धरणं झाली, कालवे निघाले आणि जिथे एके काळी बाजरी कशीबशी व्हायची, तिथे ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे साधंसुधं पीक नव्हे. तो बारा ते अठरा महिने शेतात उभा असतो, माणसाच्या दुप्पट उंच होतो, आणि आत शिरलं तर दोन हातांवरचं दिसत नाही. खाली पाचटाची गादी. दुपारच्या उन्हातही आत गारवा. शेजारी पाटाचं पाणी. आणि वस्तीभोवती कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याला आणखी काय हवं? लपायला जागा, प्यायला पाणी, खायला अन्न. या तीन गोष्टी मिळाल्या, की त्याला त्या जागेला जंगल म्हणतात की फड, याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आजचे आमच्याकडचे कितीतरी बिबटे उसातच जन्मले आहेत. त्यांच्या आयासुद्धा उसातच जन्मल्या. त्यामुळे “त्याला परत जंगलात सोडा” असं कुणी म्हटलं, की मला प्रश्न पडतो, परत म्हणजे कुठे?

तरीही हा उपाय करून पाहिला गेला आहे, आणि त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत असायला हवं. २००१ सालापासून जुन्नर भागात शेतांमधून बिबटे पकडायचे आणि सरासरी चाळीसेक किलोमीटर दूरच्या जंगलात नेऊन सोडायचे, असं मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. ऐकायला किती छान वाटतं! माणसंही सुखी, बिबट्याही सुखी. पण वन्यजीवांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. त्याआधी, १९९३ ते २००१ या काळात, जुन्नर वन विभागात बिबट्यांनी माणसांवर केलेले हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. सोडासोडी सुरू झाल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, ते वर्षाला सरासरी १७ झाले. त्यात जीव जाण्याचं प्रमाणही दुप्पट झालं.

असं का व्हावं? तुम्हाला कुणी रात्री उचलून अनोळखी गावात नेऊन ठेवलं तर? घर कुठे, पाणी कुठे, कुणापासून जपायचं, काहीच ठाऊक नाही. बिबट्याचंही तसंच होतं. आधी पिंजऱ्यातली धडपड, भोवती माणसांचा गलका, मग अनोळखी मुलूख. तिथे आधीच दुसऱ्या बिबट्यांचे इलाखे असतात. ते याला टिकू देत नाहीत. मग हा बिथरतो आणि घराच्या दिशेने चालू लागतो. इकडे त्याची रिकामी झालेली जागाही रिकामी राहत नाही. दुसरा, बहुधा तरणा आणि अननुभवी, बिबट्या तिथे येतो.

घराच्या ओढीने चालणं म्हणजे काय, ते ‘आजोबा’ने दाखवून दिलं. हा एक वयस्कर नर बिबट्या. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर भागात तो सापडला. त्याच्या गळ्यात उपग्रहाला खबर देणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. आणि आजोबा निघाले! महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालून ते थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचले. वाटेत मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याची रेल्वे ओलांडली, वसईची खाडी पार केली. या एवढ्या वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. बहुतेकांना तो गेल्याचा पत्तादेखील लागला नाही. पुढे २०११ मध्ये महामार्गावर एका वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याच्यावर २०१४ साली ‘आजोबा’ नावाचा मराठी चित्रपटही आला.

अकोल्याच्या खोऱ्यात अत्रेय यांनी आणखी एक काम केलं. शेताच्या बांधांवर, पायवाटांवर आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले. तिथे ना अभयारण्य, ना दाट रान. एका चौरस किलोमीटरमध्ये तीनशेहून जास्त माणसं राहतात. तरी दर शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले, आणि तेवढेच तरस! दिवसा उसात झोपायचं आणि रात्री सगळी निजानीज झाली, की घरांच्या अगदी जवळून हिंडायचं, असा त्यांचा दिनक्रम. विष्ठा तपासल्यावर कळलं, की त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा होता, शंभरातले ३९ भाग. मांजरं १५ भाग. शेळ्यांचा वाटा त्याहून कमी. माणूस त्या यादीत नव्हता, आणि त्या अभ्यासाच्या काळात तिथे बिबट्यामुळे एकही माणूस दगावला नाही. उकिरडे वाढले, की भटकी कुत्री वाढतात आणि कुत्री वाढली, की बिबट्याचं फावतं. हे गणित पाचवीतल्या मुलालाही सुटेल, पण गावच्या कचऱ्याच्या ढिगाला अजून सुटलेलं नाही!

अकोल्याकडचे महादेव कोळी आणि ठाकर लोक तर या शेजाऱ्याचा सण करतात. दिवाळीच्या तोंडावर, आपल्या वसुबारसेच्याच दिवशी, त्यांची वाघबारस असते. वाघोबाच्या ठाण्यावर नैवेद्य दाखवायचा आणि गुरावासरांना सांभाळ म्हणायचं.

पण दोस्तांनो, एवढं वाचून ‘बिबट्या म्हणजे गरीब बिचारं मोठं मांजर’ असं समजू नका हं. तो शिकारी प्राणी आहे. २०२५ सालच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यात दोन मुलं होती. लोक इतके संतापले, की त्यांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवून धरला. अखेर वन खात्याने एका बिबट्याला गोळी घातली. काही गावांत माणसं शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधू लागली. कुत्र्यांना बांधतात ना, तसे! ज्यांच्या घरातलं मूल गेलं, त्यांना “बिबट्या सहसा माणसाला काही करत नाही” असं सांगण्याची माझी छाती होणार नाही. त्यांचा राग खरा आहे.

म्हणूनच आमच्या शाळेत पाढ्यांच्या जोडीला बिबट्याचेही धडे होतात. मुलं ते इतर धड्यांपेक्षा मन लावून ऐकतात, हे कबूल करायला हवं! पहिला धडा उंचीचा. बिबट्या सावज निवडताना आपल्यापेक्षा लहान काय आहे, ते बघतो. उभा माणूस त्याला सहसा सावज वाटत नाही. पण खुरपायला वाकलेली आई, बांधाकडेला शौचाला बसलेला माणूस, अंगणात रांगणारं बाळ हे त्याला एखाद्या शेळीएवढं दिसतं. म्हणून अंधारात उसाकडेला बसायचं नाही. घरात शौचालय असणं ही आमच्याकडे जिवाची गोष्ट आहे. शाळेत येताजाताना एकट्याने यायचं नाही, घोळक्याने यायचं, मोठ्याने बोलत यायचं. (वर्गात गप्प बसा म्हणणारी मीच रस्त्यावर मात्र आरडाओरडा करा म्हणते, याची पोरांना फार गंमत वाटते.) संध्याकाळनंतर बॅटरी हवीच. मोठी माणसं रात्री पाण्याला जाताना खिशातल्या मोबाइलवर गाणी लावतात. भजन असो की सिनेमातलं गाणं, बिबट्याला आवाज कळला म्हणजे झालं.

आणि समोर आलाच तर? पळायचं नाही, वाकायचं नाही. हात वर करून, ओरडत, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. त्याला निसटायला वाट ठेवायची. एकदा एका मुलाने विचारलं, “बाई, पाय थरथरायला लागले तर?” मी म्हटलं, “थरथरू देत. फक्त पळू देऊ नको त्यांना.”

बिबट्यालाही आपल्यापासून कमी धोका नाही. रात्री कुत्र्यामागे धावताना तो कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. मग वन खात्याची माणसं दोरांनी खाट खाली सोडतात. दमलेला बिबट्या पोहत येऊन खाटेवर चढतो, श्वास घेतो, आणि नंतर पिंजरा सोडून त्याला वर काढतात. अशा वेळी विहिरीच्या काठावर शेकडो बघे जमतात, शिट्ट्या मारतात, मोबाइल पुढे करतात. सुटकेच्या कामात सर्वांत मोठी अडचण ही गर्दीच असते.

खरी कसोटी असते ती ऊसतोडीच्या दिवसांत. दिवाळीनंतर कारखाने सुरू होतात, टोळ्या येतात, कोयते चालू लागतात. मादी आवाज ऐकून दूर जाते, पण पाचटात दडवलेली पिल्लं तिथेच राहतात. मांजराएवढी, डोळे जेमतेम उघडलेली. पूर्वी लोक ती उचलून घरी आणत, फोटो काढत, मग पिल्लं दूर कुठेतरी पाठवली जात. आई मात्र रात्रभर त्याच शेतात शोधत फिरायची. अशी चिडलेली, घाबरलेली मादी वस्तीजवळ असणं किती धोक्याचं, सांगायला नको.

आता आमच्याकडचे शेतकरी तोड थांबवतात आणि वन खात्याला फोन करतात. माणिकडोहला बिबट्या निवारा केंद्र आहे. वन खातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून ते चालवतात. तिथले डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, नर आहे की मादी ते बघतात. मग संध्याकाळी, जिथे पिल्लं सापडली त्याच जागी, ती एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात. जवळ कॅमेरा लावतात. शेतकरी, टोळीतले मजूर सगळे लांब जाऊन बसतात. त्या रात्री कुणी त्या बाजूला फिरकत नाही.

कधी ती पहिल्याच रात्री येते, कधी दोन-तीन रात्री वाट पाहायला लावते. कॅमेऱ्यात आधी नुसते दोन चमकते डोळे दिसतात. ती क्रेटभोवती फिरते, हुंगते, पंजाने क्रेट आडवा करते. मग एकेका पिल्लाला मानेला धरून घेऊन जाते. तीन असतील, तर तीन खेपा करते. सकाळी शेतावर जावं, तर क्रेट रिकामा आणि ओल्या मातीत तिचे ठसे. मजूर डोक्याला फडकी बांधतात, मुकादम हाक देतो आणि राहिलेल्या सऱ्यांची तोड पुन्हा सुरू होते.