सावित्रीच्या पात्रातले जुटे

महाडला दिवाळी सरली, सावित्रीचं पाणी उतरलं, की पात्रातल्या कामाचे दिवस सुरू होतात. मे संपेपर्यंत काय ते उरकायचं. जूनचा पहिला जोरदार पाऊस घाटावर कोसळला की पोकलेन यंत्रं काठावर घ्यावीच लागतात.

पात्रात मधोमध साठलेल्या उंचवट्यांना इथे जुटे म्हणतात. वर्षानुवर्षं वाळू, रेव, गोटे साचत गेले, त्यावर झाडोरा वाढला आणि नदीच्या वाटेत बेटंच तयार झाली. २२ जुलै २०२१ च्या रात्री सावित्री शहरात शिरली, बाजारपेठ बुडाली, सुकट गल्लीपासून भोईघाटापर्यंत घराघरांत चिखल साचला. त्यानंतर ‘जुटे काढा’ ही मागणी महाडकरांनी सोडलीच नाही. जलसंपदा खात्याच्या यांत्रिकी विभागाची यंत्रं पात्रात उतरली ती या रेट्यामुळे.

जुटा काढायचा म्हणजे आधी तिथवर पोचायचं. काठापासून दगडमातीचा भराव टाकत रस्ता पुढे न्यायचा, त्यावरून पोकलेन, तिच्या मागून डंपर. खाडीची भरती शहरापर्यंत चढते, त्यामुळे कामाचे तास घड्याळाइतकेच तिथीवरही ठरतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सखल बाजूचं काम थांबवून यंत्र वर घ्यायचं, ओहोटी लागली की पुन्हा खाली. गढूळ पाण्यात बकेट गेली की चालकाला तळ दिसत नाही. तो कानाने काम करतो. वाळूत बकेट सरसरत शिरते, गोट्यांवर खरखरते, मोठा धोंडा लागला तर सगळं धूड हादरतं. वर काढलेला माल लगेच डंपरमध्ये भरून चालत नाही. काठावर ढीग करून पाणी निथळू द्यावं लागतं, नाहीतर अर्धी खेप पाण्याचीच होते. काम संपलं की तो भरावाचा रस्ताही उपसून न्यायचा. तो तसाच राहिला तर पावसाळ्यात नदीला नवा जुटा आयता मिळतो.

हा माल येतो कुठून, हे पाहायला पोलादपूरच्या वर नजर टाकावी. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते आणि थोड्याच अंतरात घाट उतरून सपाटीला येते. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या, महाडजवळ तळिये गाव गाडलं गेलं, ८० हून अधिक माणसं गेली. डोंगरावरून सुटलेले माती-दगड नदीनेच खाली आणले. महाड बशीसारख्या सखल जागी वसलेलं. सावित्रीसोबत काळ आणि गांधारी या नद्यांचं पाणीही याच परिसरात येतं. तेवढ्यात समुद्राला भरती असेल तर पुढची वाट तुंबते. इथे सावित्रीची धोक्याची पातळी ६.५० मीटर. पात्राचा तळ वर आला की तेवढ्याच पाण्यात नदी ती रेषा लवकर गाठते.

म्हणूनच हे काम दरवर्षीचं आहे, आणि पैशाची अडचण इथेच सुरू होते. याच नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री एसटी गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला वाहतुकीला खुला झाला. कौतुकाचंच काम ते. पुलाला अंदाजपत्रक असतं, उद्‌घाटन असतं, कोनशिला असते. उपसलेल्या गाळाचं पुढच्या वर्षी काहीच दिसत नाही. निधी जाहीर होतो तो पुराची आठवण ताजी असताना, आणि तीन-चार पावसाळे बरे गेले की कामाचा जोर ओसरण्याची भीती असते. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत धरणातला सुपीक गाळ शेतकरी स्वतः उचलून नेतो, खर्च वाटला जातो. सावित्रीचे गोटे कुणी शेतात टाकणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला २० टक्के भाग आपत्ती येण्याआधीच्या उपायांसाठी राखला आहे. महाडसारख्या गावाचा त्यावर पहिला हक्क असायला हवा.

गौरवाचीही आपल्याकडे तीच गत; बाहेर तसं नाही. नदीसाठीचा ब्रिस्बेनचा आंतरराष्ट्रीय रिव्हरप्राइझ १९९९ मध्ये सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी इंग्लंडच्या मर्सी नदीच्या मोहिमेला मिळाला. ती मोहीम १९८५ पासून चालू होती आणि पुरस्कारानंतरही २०१० पर्यंत चालली. टेम्सला २०१० मध्ये, ऱ्हाइनला २०१४ मध्ये हाच मान मिळाला. या नद्यांवर माणसं दशकानुदशकं खपली होती. आपल्याकडे नदीचं काम म्हटलं की घाट, दिवे आणि बसायची बाकं आधी डोळ्यांपुढे येतात. चिखलात बकेट चालवणाऱ्याचा फोटो त्यात नसतो. तो असायला हवा.

उपसा करताना एक भान मात्र सुटता कामा नये. सावित्रीत मगरी आहेत. दुपारी त्या वाळूच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. मगरीची मादी अंडी घालते ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, काठावरच्या वाळूत खड्डा करून, आणि पिल्लं पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर येतात. यंत्रांचा हंगामही नेमका तोच. कुठला काठ आधी उपसायचा आणि कुठला त्या महिन्यांत सोडायचा, हे वन खात्याला बरोबर घेऊन नोव्हेंबरातच ठरवावं लागेल.

आणि शहरापुढचं पात्र खोल केलं तरी पाणी पुढे दासगावला अडतं, अशी तिथल्या गावकऱ्यांची तक्रार आहे. कोकण रेल्वेचा मातीचा भराव पुराच्या वाटेत येतो, तो काढून तिथे खांबांवरचा मार्ग करा, अशी त्यांची मागणी. नदी जलसंपदेकडे, भराव रेल्वेकडे, मगरी वन खात्याकडे, बाजारपेठ नगरपालिकेकडे. या चौघांना दरवर्षी पावसाळा संपताच एका टेबलाशी बसवून, पात्राची मोजणी समोर ठेवून, त्या वर्षीच्या उपशाचे पैसे तिथेच मंजूर करणारी बैठक महाडला हवी आहे. बांधकामाच्या मानाने तिला खर्च फारसा नाही.